आराखडा पोर्टलपासून सुरू करू नका

वाचकाचं पत्र

मी एका महाविद्यालयात अठरा वर्षं शिकवते आहे. आमच्या प्राचार्यांनी ‘ज्ञान व्यवस्थापन आणि संस्थात्मक बदल’ या विषयावर तीन वर्षांचा आराखडा तयार करायला सांगितलं आहे. पाच जणांची समिती आहे, प्रमुख मी आहे आणि हाताशी दोन महिने आहेत.

गेल्या वर्षी प्रवेशाचं काम वर्षानुवर्षं पाहणाऱ्या बाई ऐन हंगामात नोकरी सोडून गेल्या. कोणती फाईल कुठे आहे, कोणत्या अर्जाला कोणता नियम लागतो, हे पुढचे तीन आठवडे कोणालाच सांगता येईना. आता परीक्षा विभागाचे अधीक्षक सहा महिन्यांनी निवृत्त होतायत. परीक्षेची कुठलीही अडचण आली की सगळे त्यांच्याकडेच जातात, त्यामुळे प्राचार्य धास्तावले आहेत.

समितीच्या पहिल्याच बैठकीत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींनी विचारलं, ‘सगळं लिहून दिलं तर उद्या आमची गरज काय?’ एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, ‘वीस वर्षं खपून तयार केलेल्या नोट्स मी का देऊ?’ चार वर्षांपूर्वी घेतलेलं एक पोर्टल आहे, त्यात परिपत्रकांशिवाय काही नाही. दरम्यान एक कंपनी नवं सॉफ्टवेअर दाखवून गेली आणि प्राचार्यांना ते फार आवडलं. आराखड्याची सुरुवात त्याच खरेदीने व्हावी असं त्यांना वाटतं.

मी सुरुवात कुठून करू? या दोघांना काय उत्तर देऊ? आणि सॉफ्टवेअरचं काय करायचं?

– एक प्राध्यापिका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण मुदत एकाच गोष्टीला आहे. अधीक्षक सहा महिन्यांनी जाणार. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा आणि आराखडा मंजूर होण्याची वाट पाहू नका. कागद तयार व्हायला दोन महिने, मंजुरीला आणखी महिना-दीड महिना, आणि मग तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा त्यांच्या निरोप समारंभाची चर्चा सुरू झालेली असेल. प्राचार्यांची परवानगी घेऊन पुढच्याच आठवड्यात त्यांच्यासोबत बसायला लागा. त्यातून जे हाती येईल तेच आराखड्याचं पहिलं प्रकरण होईल, आणि कुठल्याही तयार नमुन्यापेक्षा ते खरं असेल.

अशा वेळी संस्था हमखास जे करतात ते मात्र टाळा. जाणाऱ्या माणसाला सांगितलं जातं, ‘तुमच्या कामाची सगळी माहिती लिहून द्या.’ तो प्रामाणिकपणे बसतो आणि पंधरा-वीस पानं लिहून देतो. अर्ज कधी मागवायचे, वेळापत्रक कधी लावायचं, गुण कोणत्या तक्त्यात भरायचे, निकाल कोणाच्या सहीने जाहीर होतो, हे सगळं त्यात असतं. म्हणजे नियमपुस्तिकेत आधीपासून आहे तेच. लोक ज्या कारणांसाठी त्याच्याकडे धाव घेतात त्यातलं एकही कारण त्या पानांत सापडत नाही. तो काही लपवत नसतो. त्या गोष्टी सांगण्यासारख्या आहेत हेच त्याच्या लक्षात येत नाही, इतक्या त्या त्याच्या हातात मुरलेल्या असतात.

मायकेल पोलान्यी मुळात रसायनशास्त्रज्ञ, पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले. माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त त्याला माहीत असतं, हा मुद्दा त्यांनी १९६६ साली ठामपणे मांडला. ओळखीचा चेहरा आपण हजार चेहऱ्यांत ओळखतो, पण कशावरून ओळखला हे सांगता येत नाही, हे त्यांचंच उदाहरण. तुमच्या अधीक्षकांना निकालाचा तक्ता नुसता चाळला तरी ‘या विषयाच्या गुणांत काहीतरी गडबड आहे’ असं कळत असेल, तर ते याच जातीचं ज्ञान आहे. पुढे इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या व्यवस्थापनाच्या जपानी अभ्यासकांनी जपानी कंपन्यांचा अभ्यास करून १९९५ साली ज्ञानाच्या चार वाटा सांगितल्या: सोबत काम करताना एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं, मनातून शब्दांत उतरणारं, लिहिलेल्या गोष्टी एकत्र जुळवून तयार होणारं आणि लिहिलेलं वापरून वापरून पुन्हा अंगवळणी पडणारं. शिक्षणसंस्थांमध्ये बव्हंशी यातली तिसरीच वाट वापरात असते. अहवालांवरून अहवाल होतात, तक्त्यांवरून तक्ते होतात. पहिल्या दोन वाटांसाठी दोन माणसांना शेजारी बसवावं लागतं आणि त्यांना वेळ द्यावा लागतो, म्हणून त्या ओस पडतात. तुमच्या आराखड्यातला वेळ आणि पैसा आधी तिथे जायला हवा. मला या पत्राच्या उत्तरात एवढंच एक पटवून द्यायचं आहे, बाकीचं सगळं त्यातून निघतं.

अधीक्षकांसोबत प्रत्यक्ष काय करायचं ते जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी त्यांच्या जागी येणारी व्यक्ती आजच ठरवून घ्या. नेमणुकीला वेळ लागणार असेल तर त्याच विभागातल्या दोघांना प्राचार्यांनी लेखी आदेशाने त्यांच्यासोबत बसवावं. दोघांना अशासाठी, की सगळं पुन्हा एकाच्याच हाती गेलं तर काही वर्षांनी हेच पत्र तुमच्या जागी दुसरं कोणीतरी लिहील.

मग त्यांना ‘तुम्ही काय काम करता?’ असं विचारू नका. ‘मागच्या परीक्षेत सगळ्यात जास्त घाम कधी फुटला?’ असं विचारा. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांसाठी काम करताना ही पद्धत वापरली आणि १९५४ साली ती सविस्तर मांडली. कामाचं वर्णन विचारलं तर माणूस पुस्तकी बोलतो, घडलेला प्रसंग विचारला तर तो खरं काय केलं ते सांगतो. प्रसंग निघाला की तिथेच थांबून खोदत जा. आधी काय दिसलं? शंका कशामुळे आली? फोन कोणाला केला आणि त्यालाच का? दुसरा कोणता मार्ग होता, तो का सोडला? नवा माणूस असता तर कुठे फसला असता? या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात मोलाची उत्तरं मिळतात. एकाच नावाचे दोन विद्यार्थी, अर्धवट भरलेली गुणपत्रिका, मधेच नाव बदललेली विद्यार्थिनी, जुन्या अभ्यासक्रमाचा एखादाच राहिलेला परीक्षार्थी, पुनर्मूल्यांकनात गुण बदलल्यावर श्रेणी बदलायची राहून जाणं. परीक्षा विभागातल्या माणसाची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते आणि नेमक्या याच गोष्टी कुठल्या पुस्तिकेत नसतात.

ऐकणाऱ्यानेच लिहायचं. अधीक्षकांना लिहायला लावू नका, त्यांना बोलू द्या. बसणाऱ्या दोघांनी प्रत्येक कामाचं एकच पान करावं: काम कधी येतं, कशावर अडतं, कोणाला विचारायचं, आणि आजची पद्धत अशी का आहे. हे ‘का’ लिहायचं कधीही सोडू नका. संस्थांमध्ये ‘कसं’ बऱ्याचदा टिकतं, कारण ते रोज करावं लागतं. ‘का’ मात्र माणसाबरोबर निघून जातं, आणि मग दहा वर्षांपूर्वी एका अडचणीसाठी सुरू केलेली पद्धत ती अडचण संपल्यावरही चालू राहते. उलटही होतं. एखादी सही निरुपयोगी वाटते म्हणून कोणीतरी उत्साहाने काढून टाकतो आणि ती कशासाठी ठेवली होती हे पुढच्या परीक्षेत कळतं. लिहिलेलं पान अधीक्षकांना वाचून दाखवा. ‘असं नाही, इथे एक गोष्ट राहिली’ असं ते म्हणतील, आणि ती राहिलेली गोष्टच बहुधा सगळ्यात महत्त्वाची असेल.

सहा महिन्यांत एक तरी परीक्षा येणार. ती दोन भागांत वाटून घ्या. पूर्वतयारीत अधीक्षकांनी काम करावं आणि दोघांनी शेजारी बसावं. निकालाच्या वेळी दोघांनी काम करावं आणि अधीक्षकांनी शेजारी बसून पाहावं. ही अदलाबदल झाली नाही तर सगळी पानं लिहूनही काही उपयोग नाही. अर्थात हे नेहमीच्या कामावर वरून लादता येणार नाही. त्यांच्या टेबलावरचं नेहमीचं टपाल या काळात दुसऱ्या कोणाकडे द्या, आठवड्यातले दोन अर्धे दिवस या कामासाठी मोकळे ठेवा आणि तसा आदेश काढा. तोंडी सांगितलेला मोकळा वेळ पहिल्याच घाईत गायब होतो.

एक काळजी मात्र घ्या. प्रश्नपत्रिका कोण काढतं, कुठे छापल्या जातात, कोणत्या मार्गाने येतात, यातलं काहीही सर्वांना दिसेल अशा जागी लिहायचं नाही. विद्यार्थ्यांचे गुण, आजार, घरची परिस्थिती यांचे उल्लेख असलेले प्रसंग नाव-गाव काढूनच लिहायचे. ज्ञान वाटायचं म्हणजे सगळंच सगळ्यांना दाखवायचं असं नाही. ही सीमारेषा आराखड्यात स्पष्ट लिहा, नाहीतर पहिल्या आक्षेपालाच काम थांबेल.

हे चालू असताना समितीतल्या बाकीच्यांनी प्रत्येक विभागात जाऊन एक साधा तक्ता करावा. डावीकडे काम, उजवीकडे ते ज्यांना स्वतंत्रपणे करता येतं त्यांची नावं. ज्या ओळीत एकच नाव आहे ती ओळ लाल. प्रयोगशाळेतलं एखादं जुनं उपकरण, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे हिशेब, माजी विद्यार्थ्यांचे संपर्क, संशोधन निधीचा खर्च दाखवण्याची पद्धत, अशा ओळी लाल निघतील. मग प्रत्येक लाल ओळीपुढे दोन गोष्टी लिहा: ते एक नाव संस्थेत आणखी किती काळ आहे, आणि काम अडलं तर विद्यार्थ्याचं किती नुकसान होईल. तुमचा प्राधान्यक्रम आपोआप तयार होईल. किडवेल, व्हँडर लिंडे आणि जॉन्सन या अभ्यासकांनी २००० साली उच्च शिक्षणातल्या ज्ञान व्यवस्थापनाचा विचार करताना पाच क्षेत्रं धरली होती: संशोधन, अभ्यासक्रमाची घडण, विद्यार्थी व माजी विद्यार्थी सेवा, प्रशासन आणि धोरणात्मक नियोजन. आराखड्याचे मथळे म्हणून ही विभागणी उपयोगी आहे. पण पहिल्या वर्षी पाचही हाती घेऊ नका. प्रशासन आणि अभ्यासक्रम एवढी दोन पुरेत.

आता तुमच्या बैठकीतल्या त्या दोन प्रश्नांकडे येतो. दोन्हीला तुम्ही ‘विरोध’ म्हणू नये अशी माझी विनंती आहे. ते दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही रास्त आहेत.

‘सगळं लिहून दिलं तर आमची गरज काय?’ ही भीती मनाची समजूत घालून जात नाही, कारण ती खोटी नाही. कामाची नोंद झाली की पद कमी करायचं, हे कर्मचाऱ्यांनी पाहिलेलं असतं किंवा ऐकलेलं असतं. त्याला उत्तर एकच: प्राचार्यांनी लेखी हमी द्यावी की या उपक्रमातल्या नोंदींच्या आधारे कोणाचंही पद, बदली किंवा वेतन ठरवलं जाणार नाही. व्यवस्थापन अशी हमी द्यायला तयार नसेल तर मला स्पष्ट सांगू द्या, तुम्ही त्या कर्मचाऱ्यांना बोला असं म्हणू नका. ते गप्प राहिले तर त्यांचं बरोबरच आहे. हमी मिळाली तर दुसरी गोष्टही मागा: दुसऱ्याला काम शिकवणं हे वार्षिक मूल्यमापनात काम म्हणून मोजलं जावं. आज ते सहसा मोजलं जात नाही.

श्रेयाचं महत्त्व आपण फार कमी लेखतो. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीत छायाप्रत यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत राहून अभ्यास केला. पुस्तिकेत नसलेले बिघाड ते एकमेकांना गोष्टी सांगून सोडवत असल्याचं त्याला दिसलं. जेवताना, कॉफी पिताना झालेल्या त्या गप्पा हाच त्यांच्या कामाचा गाभा होता. पुढे त्याच कंपनीत तंत्रज्ञांच्या युक्त्या साठवणारी ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. युक्ती तपासायची ती दुसऱ्या तंत्रज्ञांनी, आणि मान्य झालेल्या युक्तीवर नाव राहायचं ते ती शोधणाऱ्याचं. तुमच्या एकपानी नोंदींवरही खाली नाव हवं: ‘ही पद्धत यांनी घडवली’. अधीक्षक निवृत्त झाल्यावरही त्यांचं नाव त्या पानावर राहील. हा बक्षिसाचा भाग नाही, ज्याचं आहे ते त्याला देण्याचा भाग आहे.

प्राध्यापकांचा प्रश्न निराळा. कार्ल वाइक या संघटनांच्या अभ्यासकांनी १९७६ साली शिक्षणसंस्थांचं वर्णन ‘सैल जोडलेल्या’ व्यवस्था असं केलं. विभाग एकमेकांशी जोडलेले असतात, पण एकाला हलवलं म्हणून दुसरा हलत नाही, आणि प्राचार्यांच्या कक्षातून निघालेला आदेश वर्गापर्यंत पोचतोच असं नाही. तुम्ही अठरा वर्षं शिकवताय, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हेन्री मिंट्झबर्ग या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९७९ साली विद्यापीठं आणि रुग्णालयं एकाच गटात टाकली, कारण दोन्हीकडे कामाचा दर्जा वरिष्ठांच्या देखरेखीपेक्षा त्या व्यावसायिकाच्या प्रशिक्षणावर उभा असतो. प्राध्यापकाची निष्ठा आधी त्याच्या विषयाशी असते. म्हणून कारखान्यात चालणारी फर्मानं इथे चालत नाहीत. पण या सैलपणाचा एक फायदा वाइक यांनीच दाखवून दिला आहे: एका विभागातला प्रयोग फसला तरी बाकीची संस्था डगमगत नाही. तुम्ही तो फायदा घ्या. सगळ्या विभागांना एकदम ओढू नका, ज्या दोन विभागप्रमुखांना स्वतःहून गरज वाटते त्यांच्याकडे सुरू करा.

आणि त्या ज्येष्ठ सरांकडे नोट्स मागूच नका. नोट्स ही त्यांची निर्मिती आहे, ती संस्थेने आदेशाने गोळा करण्याची वस्तू नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ साली आपलं अभ्याससाहित्य जगासाठी खुलं करायची घोषणा केली तेव्हाही प्राध्यापकांचा सहभाग ऐच्छिक ठेवला होता. तुम्ही आराखड्यात साधा नियम घाला: साहित्यावर लेखकाचं नाव राहील, ते विभागापुरतं, संस्थेपुरतं की सर्वांसाठी हे लेखक ठरवेल, आणि त्याला ते कधीही मागे घेता येईल. एवढं लिहिलंत तर निम्मा ताण तिथेच उतरतो.

सरांकडे मागायचं ते दुसरंच. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी कोणत्या संकल्पनेवर दरवर्षी अडखळतात? मागच्या अभ्यासक्रम बदलात अमुक घटक का वगळला? कोणता प्रकल्प कागदावर छान दिसतो पण वर्षभरात पूर्ण होत नाही? हे विचारायला अर्ज नको आणि फॉर्म नको. एकच विषय शिकवणाऱ्या चार-पाच जणांना महिन्यातून एकदा तासभर एकत्र बसवा आणि त्यांच्यातल्या सगळ्यात तरुण शिक्षिकेला आपल्या अडचणी मांडू द्या. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या शिकण्याच्या प्रक्रियेच्या अभ्यासकांनी १९९१ साली दाखवलं की नवखा माणूस अनुभवी मंडळींच्या कडेकडेने खऱ्या कामात शिरत शिरत शिकतो. नवखीने प्रश्न विचारला की ज्येष्ठांना सांगावंसं वाटतं. समितीने मागितलं की तेच ज्येष्ठ हात आखडता घेतात. हा तास वेळापत्रकात छापलेला असू द्या, कारण ‘सवडीने भेटू’ म्हटलं की कोणी भेटत नाही.

तुमच्या समितीत ग्रंथपाल आहेत का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारतो. नसतील तर उद्याच घ्या. साठवणं, वर्गवारी करणं, शोधता येईल असं ठेवणं, जुनं झालेलं काढून टाकणं, हे शास्त्र संस्थेत त्यांच्याइतकं कोणालाच येत नाही. २००२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं ग्रंथालय आणि ह्युलेट-पॅकार्ड कंपनी यांनी मिळून ‘डीस्पेस’ ही संस्थांच्या लेखनसंग्रहासाठीची प्रणाली मोफत उपलब्ध केली. जगभरच्या विद्यापीठांनी ती बसवली, आणि अनेक ठिकाणी ती रिकामीच राहिली. प्राध्यापकांनी स्वतः साहित्य चढवावं अशी अपेक्षा होती, त्यांना वेळ नव्हता. जिथे ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी ते काम आपल्याकडे घेतलं तिथे संग्रह भरत गेला. तुमच्या पोर्टलचंही कदाचित हेच झालं असेल.

यातून सॉफ्टवेअरच्या प्रश्नावर येतो. मायकेल कोहेन, जेम्स मार्च आणि योहान ओल्सेन या संघटनांच्या अभ्यासकांनी १९७२ साली विद्यापीठांमधले निर्णय कसे होतात याचं वर्णन केलं. तिथे प्रश्न आधी आणि उपाय नंतर असा क्रम असतोच असं नाही, उपाय आधीच तयार असतात आणि आपल्याला लागू पडेल असा प्रश्न शोधत फिरतात, असं त्यांना दिसलं. तुमच्या प्राचार्यांना आवडलेलं सॉफ्टवेअर तसाच एक उपाय आहे. ते वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण प्रवेशाच्या बाई गेल्या तेव्हा जे अडलं त्यातलं काय या सॉफ्टवेअरने सुटलं असतं, हे आधी त्यांच्यासमोर मांडा. माझ्या मते उत्तर ‘थोडंसं’ असं निघेल. फाईल सापडली असती, नियम कसा लावायचा हे सापडलं नसतं.

प्राचार्यांना थेट ‘नको’ म्हणू नका. खरेदी पहिल्या वर्षाच्या शेवटी ठेवू, असं म्हणा, आणि त्याआधी दोन गोष्टी करून दाखवा. एक, जुनं पोर्टल वापरणं का थांबलं हे दहा जणांना विचारा. शोधलेलं सापडत नाही, जुनी आणि नवी परिपत्रकं शेजारी पडलेली असतात, पासवर्ड विसरला की आठवडा जातो, अशी उत्तरं आली तर नव्या प्रणालीतही हेच होणार, कारण यातली बरीच कारणं तंत्राची नसून देखभालीची आहेत. दोन, परीक्षा विभागाची तयार झालेली पानं साध्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि वर्षभर वापरून पाहा. प्रत्येक पानाचा एक मालक, पुन्हा तपासण्याची एक तारीख. तारीख उलटून गेलेलं पान काढून टाकायचं. वर्षानंतर आपल्याला कोणती सोय खरोखर हवी आहे हे तुम्हाला कळलेलं असेल आणि मग कंपनीशी तुम्ही बरोबरीने बोलाल. तेव्हा एक अट मात्र सोडू नका: करार संपला तर आपली सगळी माहिती कोणत्याही दुसऱ्या प्रणालीत उघडेल अशा स्वरूपात परत मिळाली पाहिजे.

बदलाच्या पायऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आराखड्यात त्या लिहाव्या लागतील. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांची १९४७ सालची तीन टप्प्यांची मांडणी आणि व्यवस्थापनाचे प्राध्यापक जॉन कॉटर यांच्या १९९० च्या दशकातल्या आठ पायऱ्या, बहुतेक आराखड्यांत या दोहोंपैकी एक उतरवलेली असते. कॉटर यांचा भर निकड निर्माण करण्यावर आणि लवकर दिसणाऱ्या छोट्या यशांवर आहे. निकड तुमच्याकडे आयती आहे, ती फुगवू नका. छोटं यश म्हणजे अधीक्षकांच्या रजेच्या दिवशी कोणीतरी दुसऱ्याने परीक्षेची अडचण सोडवणं. पण कंपन्यांसाठी तयार झालेल्या या पायऱ्यांत शैक्षणिक वर्ष नसतं, तुमच्याकडे ते आहे. प्रवेश आणि परीक्षा या काळात कोणतीही नवी गोष्ट सुरू करू नका. निकाल लागल्यानंतरचे काही आठवडे सुरुवातीसाठी सगळ्यात चांगले.

आणखी एक काम करण्यासारखं आहे. प्रवेश संपल्यावर आठवड्याच्या आत त्यात गुंतलेल्या सगळ्यांना तासभर बोलवा आणि चारच प्रश्न विचारा: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. अमेरिकी सैन्याने १९७० च्या दशकात प्रशिक्षणानंतरच्या आढाव्यासाठी ही पद्धत घडवली आणि ती नंतर सगळीकडे पसरली. तिचा एक नियम शब्दशः पाळा: तिथे पदाचा मान नाही. शिपायाने प्राचार्यांना ‘तुमची सही दोन दिवस उशिरा आली’ असं म्हटलं तर प्राचार्यांनी ते लिहून घ्यायचं. हे प्राचार्यांना आधी एकांतात सांगून ठेवा. पहिल्याच बैठकीत त्यांनी स्वतःचा बचाव केला तर दुसऱ्या बैठकीत कोणी तोंड उघडणार नाही.

यश मोजायला ‘किती कागद चढवले’ हा आकडा घेऊ नका. तो आकडा मागितला की लोक कागद चढवतात, मग ते कोणी उघडो न उघडो. लाल ओळी किती कमी झाल्या, आणि नवीन माणूस किती दिवसांत न विचारता काम करू लागला, या दोन गोष्टी दर सहा महिन्यांनी पाहा. तीन वर्षांच्या आराखड्याला एवढी मोजपट्टी पुरते, आणि प्रशासनाला समजायलाही ती सोपी आहे.

राहता राहिली एक शक्यता: अधीक्षक स्वतःच ‘मला यात पडायचं नाही’ म्हणाले तर? तसं झालं तर दबाव आणू नका, आधी कारण विचारा. कित्येकदा अशा माणसाला वर्षानुवर्षं फक्त अडचणीच्या वेळी हाक मारलेली असते आणि त्याच्या सूचना कोणी ऐकलेल्या नसतात. त्यांना विचारा, ‘तुम्हाला या विभागात काय बदलायचं होतं, जे कोणी करू दिलं नाही?’ त्यांचं उत्तर समितीच्या इतिवृत्तात त्यांच्या नावाने नोंदवा आणि त्यातली एक तरी सूचना ते सेवेत असतानाच अंमलात आणा. त्यानंतर पुन्हा बसण्याबद्दल विचारा. तरीही नाही म्हणाले तर तो त्यांचा अधिकार आहे. मग गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे अडचणी घेऊन गेलेल्या लोकांना गाठा. प्रत्येकाला एकेक प्रसंग आठवत असेल आणि अधीक्षकांनी तेव्हा काय सांगितलं तेही आठवत असेल. ते गोळा करायला वेळ जास्त लागेल, म्हणून त्यांना विचारायला पुढचा आठवडा उलटू देऊ नका.